ताप चढायची वाट

आमचा मास्तर, म्हणजे माझा नवरा, सोफे शिवायचा. बारीक खिळे ओठांत धरायचा, जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, हातोडीच्या चुंबकावर घ्यायचा आणि ठोकायचा. तेव्हा त्याला बोलायची सोयच नव्हती. मी समोर मशीनवर खोळी शिवत तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे, कारण उलट उत्तर येणार नाही याची खात्री असायची. खिळे संपले की मात्र एका वाक्यात माझा निकाल लावायचा. "झालं भाषण? आता दोरा दे."

लग्न करून आले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की या घरात एक ताप राहतो. मेला कधीही यायचा. सकाळी छातीत नाहीतर पोटात कळ, दुपारपर्यंत अंगाची भट्टी, दोन-तीन दिवस माणूस आडवा. मग काही झालंच नाही अशा थाटात हा पुन्हा खिळे ठोकायला हजर. सासऱ्यांनाही तोच ताप होता. ते ऐन उमेदीत गेले. तापानंच गेले, असं घरात म्हणायचे.

सासूबाईंनी आधी नवऱ्यासाठी, मग लेकासाठी दवाखान्यांचे उंबरे झिजवले होते. कोणी अपेंडिक्स समजून पोट फाडलं, कोणी 'नाटकं करतो' म्हणून परत पाठवलं. शेवटी त्यांनी डॉक्टरांचा नादच सोडला. मागची खोली, ओढलेला पडदा, गरम पाण्याची पिशवी आणि मानेवर पालथा हात, एवढाच त्यांचा दवाखाना. हात ठेवून सांगायच्या, "आता उतरेल." आणि खरंच उतरायचा.

आमच्या ठमीला, म्हणजे लेकीला, तोच ताप यायला लागला तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. बापलेकींना ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की हा आजार घराण्यात उतरत येतो. "रोज गोळी घ्यायची, जन्मभर. ताप नसतो तेव्हाही आत दाह धुमसत राहतो. त्यानं रक्तवाहिन्या खराब होतात, हृदयाला कमी वयात धोका असतो. आणि छातीत दुखलं की प्रत्येक वेळी ताप समजून घरी बसू नका."

मास्तरनं शहाण्यासारखी मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाला, "आग लागली नसताना बंब कशाला बोलवायचा?" ठमी गोळी घ्यायची, कारण मी तिच्या डोक्यावर उभी राहायचे. याच्या डोक्यावर कोण उभं राहणार? एवढा घोडा झालेला माणूस! ताप आला की गोळ्या शोधायचा, गेला की पाकीट कपाटावर धूळ खात पडायचं.

त्या दिवशी सकाळी खुर्चीच्या पाठीवर कापड ताणता ताणता तो थांबला. ओठांतले खिळे काढून तळहातावर ठेवले. मी मशीन थांबवलं. काम अर्धवट सोडून तो कधी तोंड रिकामं करायचा नाही.

"छातीत भरून आलंय," म्हणाला. "आला वाटतं आपला ताप."

मागच्या खोलीत आडवा झाला. सासूबाईंनी पडदा ओढला, पिशवी भरून दिली, मानेवर हात ठेवला. मीही हात लावून बघितला. मान ओलीचिंब होती आणि गार.

"आई, अंग गार लागतंय. ताप कुठाय?"

"चढेल. कधीकधी उशिरा चढतो."

"अहो, घाम बघा किती फुटलाय! मी गाडी बोलावते."

"जन्मभर हाच ताप उशाशी घेऊन बसलेय मी. तुला जास्त कळतं का?"

मास्तरनंच हात हलवून मला अडवलं. "कशाला गं? पुन्हा नाटकी म्हणवून घ्यायला? चढू दे ताप, मग बरं वाटेल."

"चुलीत घाला तुमचा ताप!" मी ओरडले आणि बाहेर जाऊन फोन लावला. गाडी आली तोवर त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ त्याची छाती दाबली, मग थांबले. हृदयाचा झटका, म्हणाले. दुखायला लागल्याबरोबर आणायला हवं होतं, असंही म्हणाले.

मला रडू येईना, संतापच आला. सगळ्यांदेखत मी त्याच्यावर ओरडले, "एक गोळी गिळायला काय धाड भरली होती रे तुला?" तोंडात खिळे नसतानाही त्यानं उत्तर दिलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. मग मात्र मी कोसळले.

सासूबाई मला बाजूला सारून पुढे आल्या. त्याच्या मानेवर त्यांनी पालथा हात ठेवला.

"अजून गारच आहे," म्हणाल्या. "थांब जरा. चढेल."

मी त्यांचा हात धरून उचलायला गेले. त्यांनी तो काढू दिला नाही.