पांढऱ्या नागलीसाठी पेठला

सोलापूरच्या स्टँडवर मी एसटीत चढले तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात शाळूचं (रब्बी ज्वारीचं) गाठोडं. नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्या माझ्या ताईचं ठाम मत आहे की सोलापूरच्या ज्वारीशिवाय केलेली भाकरी म्हणजे नुसतं पोट भरणं. माझं स्वतःचं काम मात्र वेगळं होतं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि बागेच्या एका तुकड्यात नागली (नाचणी) वाढवते. लाल आणि पांढऱ्या दाण्याच्या नागलीचा संकर केला की पहिली पिढी सगळी लाल निघते. पांढरा दाणा पुन्हा दिसतो तो नातवंडांच्या पिढीत. पोरांना हे फळ्यावर नाही, डोळ्यांसमोर दाखवायचं होतं. पण त्या वर्षी मुनिया पाखरांचा थवा आला आणि पांढरी नागली साफ करून गेला. मेल्यांनी बियाण्यापुरतीही ठेवली नाही! नवं बी मिळालं नाही, तर दोन-तीन वर्षांच्या खटाटोपावर पाणी पडणार होतं.

सिन्नरला गाडी थांबली. शेजारच्या सीटवर सातपूरच्या कारखान्यात कामाला असलेले एक काका होते. रसवंतीत ग्लास हातात घेऊन मी म्हटलं, "ऊस, ज्वारी, गहू, बांबू, सगळी गवतंच बरं का. एकाच घराण्यातली."

"म्हणजे आम्ही पैसे देऊन गवत पितोय म्हणा की!"

मला काय, वर्गच मिळाला. आजच्या उसात नदीकाठच्या रानगवताचं रक्त मुद्दाम मिसळलंय, म्हणून तो काटक झाला, हे मी रंगात येऊन सांगत राहिले. गाडीत परत बसलो तर काका खाली बघून ओरडले, "अहो मॅडम, तुमचं घराणं सांडतंय!"

गाठोड्याला भोक पडलं होतं. सगळी गाडी हसली. मी आणि काकांनी सीटखाली वाकून हाताला लागली तेवढी ज्वारी गोळा केली आणि माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात कोंबली. पुढे मी ती विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गाठोडं डब्यात ओतून गिरणीकडे निघाली आणि मी तीच पिशवी खांद्याला लावून पेठच्या गाडीत बसले. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सावळघाटात डोंगरांवर गवत सोनेरी वाळलं होतं आणि मधेमधे बांबूची बेटं हिरवीगार उभी होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे शाळेत शिकवते. पांढरी नागली लावणाऱ्या सोनाबाईंच्या पाड्याचा (वस्तीचा) पत्ता तिनंच दिला होता.

फाट्यापासून चालायचं होतं. कुसळीनं माझे पायमोजे भरून टाकले. काय चिवट गवत! त्याचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत रोवून घेतं. पाऊलवाटेवर नागलीचं भावंड असलेलं रानगवत पायदळी तुडवलं जात होतं. फार पूर्वी अशी दोन गवतं एकत्र आली, दोघांचीही गुणसूत्रं टिकली, त्यातून नागलीचा वंश सुरू झाला. पाय सोलवटत होते तरी मी खुशीत होते.

सोनाबाईंनी आधी जेवायला वाढलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. चुलीच्या वर, धुरात, कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. त्यांतली एक पांढरी! माझा घास हातातच राहिला.

"बाई, मला यातलं मूठभर बी द्याल? सांगाल ते पैसे देते."

"बी इकत नाय आमी."

"मग असंच?"

"फुकट बी नाय. बी द्याचं, बी घ्याचं. सासूनं मला हेच शिकवलं. तुमी काय आणलंय?"

मी काय आणलं होतं? कागद, कात्री आणि पायमोज्यात कुसळं. त्यांचे यजमान कोपऱ्यातून म्हणाले, "कुसळी नको हो, ती आमच्याकडं लय हाय!"

सगळे हसले, मीही हसले, पण डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. माझ्याकडचं चांगलं बियाणं त्या वेळी नाशिकच्या गिरणीत दळलं जात होतं! आणि मग सिन्नरला माझ्याबरोबर दाणे वेचणारे काका आठवले. मी पिशवीचा कप्पा ओट्यावर उलटा केला. धुळीसकट मूठभर शाळू पडला.

सोनाबाईंनी दाणा दातांखाली धरून पाहिला. "टपोरा हाय. काय म्हणायचं याला?"

"शाळू. पण खरं सांगते, हा काळ्या मातीतला. तुमच्या डोंगरात येईल असं नाही."

"ते मी पाहीन ना," त्या म्हणाल्या आणि पांढरी जुडी खाली काढली.

परत येताना ती जुडी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. नागली काय, ज्वारी काय, दोघी मूळच्या आफ्रिकेच्या. कुणाकुणाच्या मुठीतून इथवर आल्या आणि मराठी झाल्या. त्या रांगेत आपलीही एक मूठ लागली, याचा मला विलक्षण आनंद झाला होता.

पुढच्या खरिपात मी जाळं लावलं आणि पांढरी नागली पदरात पडली. होळीच्या सुमारास पेठहून निरोप आला: "ज्वारी आली. पाखरांनी खाल्ली. पुन्हा घेऊन या." मी घेऊन गेले, या वेळी दुहेरी पिशवीत.

मागच्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजचे एक प्राध्यापक आले. पांढऱ्या नागलीचं थोडं बी मिळेल का, म्हणाले. मी जुडी काढायला उठले, आणि दारातच वळून म्हटलं, "तुम्ही काय आणलंय?"