मार्वेच्या खाडीतला जिताडा

माझ्या नवऱ्याला पंचेचाळिशीत मासेमारीचं वेड लागलं. मालाडच्या मार्केटात कोळणीपुढे ज्याची बोबडी वळते, तो मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून शिशाच्या चकचकीत नकली माशाने, म्हणजे जिगने, खरे मासे धरणार होता! खरी भानगड वेगळीच होती. गिरणी बंद पडून घरी बसल्यापासून सासरे गावच्या खाडीतल्या मासेमारीच्या बढाया मारतात, आणि मुलाला त्यांनी जन्मात एकदाही शाबास म्हटलेलं नाही. नवऱ्याला ती शाबासकी हवी होती. मासा आपलं निमित्त.

एका रविवारी आम्ही तिघं मार्वेहून होडीने निघालो. ओहोटीचं पाणी जोरात होतं. नवऱ्याने ऐटीत होडीवाल्याला नांगर टाकायला लावला आणि जिग सोडला. पाण्याने तो असा ओढून नेला की दोरी तिरकी होऊन होडीमागे तरंगायला लागली. शिसं तळाला टेकेल तर ना! तरी हा पठ्ठ्या गळकाठीला हिसके देतच होता.

"माशाक झोको दितंस काय रे?" सासरे म्हणाले.

त्याने मोबाईल काढला. व्हिडिओ त्याने अर्धाच बघितला होता, मध्ये जाहिरात आली म्हणून सोडलेला. वाहत्या पाण्यात होडीही पाण्याबरोबर वाहू द्यायची, हे उरलेल्या अर्ध्यात होतं. आणि याच्या शब्दावर मी सकाळीच माशाच्या कालवणासाठी खोबऱ्याचं वाटण करून ठेवलं होतं. बाजारात तुरी, दुसरं काय!

नांगर उचलला तशी दोरी सरळ खाली गेली. शिसं तळाला टेकवायचं, हातभर उचलायचं, पुन्हा पडू द्यायचं. असंच एकदा ते पडत असताना काठी वाकली.

"सोडू नकोस रे!" मीच ओरडले.

ओढत ओढत त्याने होडीजवळ आणला तो चांगला जाडजूड जिताडा. "बाबा, काठी धरा जरा," म्हणत तो जाळी घेऊन वाकला आणि मासा वर घेतला. सासऱ्यांनी माशाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली.

घरी पोचताच त्यांनी गावी भावाला फोन लावला. "जिताडो गावलो! मिया काढलंय. पोरगो नुसतो जाळी घेऊन हुतो."

स्वयंपाकघरात ते ऐकून माझं टाळकंच सरकलं. आमच्याकडे माशाचं डोकं घरातल्या मोठ्याच्या ताटात जातं, त्यात कधी चूक होत नाही. त्या दुपारी मी ते नवऱ्याला वाढलं आणि सासऱ्यांसमोर शेपटीची तुकडी ठेवली. सासरे हात आवरून बसले. मनात म्हटलं, बसा.

नवऱ्याने आपल्या ताटातलं माशाचं डोकं उचललं आणि वडिलांच्या ताटात ठेवलं.

त्यांनी ते चोखून चोखून खाल्लं. मग म्हणाले, "मीठ कमी आसा."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा मात्र खुशीत भात कालवत होता. "पुढच्या वेळी याच्याहून मोठा काढतो, बाबा," तो म्हणाला.