हवेत आवळलेले आर्म

वस्तादांनी त्यांच्या पिकअपचे पुढचे आर्म बारामतीत बदलून घेतले, ही बातमी मला निमगाव केतकीच्या बाजारात कांदे घेताना कळली. सांगणारा सहज सांगून पुढे गेला. मी कांद्याची पिशवी तिथंच विसरून घरी आलो आणि बायको विचारत राहिली, तरी कांदे कुठं गेले ते सांगितलं नाही.

वस्ताद म्हणजे ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं ते. लासुर्ण्यात रस्त्याकडेला त्यांचं गॅरेज होतं, आता वयामुळं बंद केलंय. आम्ही दोघं एकाच साली त्यांच्याकडे शिकायला लागलो, मी आणि तो. त्याचं नाव घेत नाही. मी त्याला मनात ‘बारामतीवाला’ म्हणतो, कारण आता त्याचं मोठं गॅरेज बारामतीत आहे. अख्खी गाडी डोक्यावर उचलणारी लिफ्ट आहे, काचेची केबिन आहे, चाकांची दिशा जुळवायचं मशीन आहे. माझ्याकडे निमगावात पत्र्याची शेड आहे, जॅक आहे, चार लाकडी ठोकळे आणि पाठीखाली घ्यायला गोणपाट आहे.

मी त्याच्यावर जळतो. लोक असलं कबूल करत नाहीत, मी करतो. त्याच्या गॅरेजच्या उद्घाटनाला गेलो, पेढा खाल्ला, ‘लई भारी’ म्हणालो. लिफ्टचं बटण एकदा दाबून बघायची फार इच्छा होती. तो म्हणालाही, ‘दाब की.’ मी दाबलं नाही. परत येताना बसमध्ये अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पण लिफ्टचं दुःख वरवरचं. खरं दुखणं वस्तादांच्या एका वाक्याचं होतं. कुणी आम्हा दोघांबद्दल विचारलं की ते त्याच्याविषयी म्हणायचे, ‘त्याचा हात बसलाय.’ आणि माझ्याविषयी म्हणायचे, ‘ह्येचा बी बसंल.’ वीस वर्षं झाली, त्याचा बसलाय आणि माझा बसंल. माझे केस पिकले, शेडचे पत्रे दोनदा बदलले, तरी माझा हात आपला बसायचाच. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘बसला’ ऐकायचं होतं. आणि आता स्वतःची गाडी दुरुस्तीला न्यायची वेळ आली, तर ते माझी शेड सोडून त्याच्याकडे बारामतीला गेले.

हे आर्म म्हणजे पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे लोखंडी हात. त्यांच्या टोकाला रबराचे बुश असतात. आमच्याकडे पिकअप कधी रिकामी नसते आणि रस्ता कधी सपाट नसतो. डाळिंबाचे क्रेट, दुधाचे कॅन, पेंडीची पोती, लग्नातली माणसं, सगळं तिच्यातच. मग रबर फाटतं, आर्म खिळखिळे होतात, गतिरोधकावर टक्क असा आवाज येतो आणि गाडी एका अंगाला ओढायला लागते.

आर्म बदलायचं काम अवघड नाही. चुकतं ते शेवटी. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट घट्ट आवळले, तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली आली की त्याला पीळ बसतो आणि दीड-दोन महिन्यांत ते फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची आणि मग खाली झोपून शेवटचा आवळा द्यायचा. वस्ताद त्याच्याही पुढे जायचे. ‘पिकअप रिकामी कवा पळती का? मग रिकामी का आवळायची?’ असं म्हणून ते शेजारच्या चहाच्या टपरीवरून तीन-चार माणसं बोलावून आणायचे, त्यांना चहासकट मागच्या हौद्यात बसवायचे, गाडी जरा दाबली गेली की खालून आवळायचे. ह्याला ते ‘बसवणी’ म्हणायचे. लासुर्ण्यात कित्येक जणांनी निव्वळ वजन म्हणून फुकट चहा प्यायलाय. बसवणी विसरणाऱ्याला वस्ताद दिवसभर पान्याला हात लावू देत नसत.

कांदे विसरलो त्यानंतर दोन महिने मी लासुर्ण्याकडे फिरकलो नाही. सणाला पाया पडायला जायचो, तेही टाळलं. आणि एका सकाळी वस्तादांची पिकअप माझ्या शेडसमोर येऊन उभी राहिली. स्वतःच चालवत आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, उतरताना दाराला धरून उतरला.

‘आवाज येतोय रं पुढनं. बगतोस का?’

आवाज मी गाडी वळतानाच ऐकला होता. टक्क. माझ्या कानाला तो आवाज सनईसारखा लागला. नवे आर्म, दोन महिने झालेले आणि आवाज! मी वस्तादांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गोणपाट ओढून गाडीखाली शिरलो. शेडमध्ये तेव्हा तिघं जण होते. वरकुट्याचा एक ट्रॅक्टरवाला त्याच्या कामासाठी थांबलेला आणि मोटारसायकलवर आलेले दोन पानमळेवाले.

आर्म कोरे होते, पण बुश तिरपे चिरलेले. मला तेवढ्यावरच कळलं होतं, पण खात्री करायची होती. गाडी चाकांवर उभी ठेवून बोल्ट सैल केला, तशी बुशमधली नळी झटक्यानं उलटी फिरली. अडकलेला पीळ सुटला. म्हणजे लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना, हवेत आवळलेलं. काचेच्या केबिनवाल्यानं! ज्याचा हात बसलाय त्यानं! गाडीखाली अंधारात मी एकटाच हसलो.

बाहेर आलो आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. वस्तादांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण मला तिघांनी ऐकायला हवं होतं. हात पुसत मोठ्यानं म्हणालो, ‘वस्ताद, बसवणीच केलेली न्हाय. हवेत आवळलंय. ज्यानं ह्ये केलं त्याच्या हातात पाना द्यायचं काम न्हाय. खुशाल दुकान बंद करून घरी बसावं त्यानं.’

ट्रॅक्टरवाला हसला. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खुर्चीखाली ठेवला.

‘म्याच आवळलं रं त्ये,’ ते म्हणाले.

मला वाटलं, ते त्याला पाठीशी घालताहेत. पण ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. ‘आर्म त्यानंच बसवलं. मग मला म्हनला, वस्ताद, शेवटचा हात तुमचा. गाडी वर, आन् मी खाली हुबा. आख्खा जलम पाठीवर झोपून काम केलं, डोळ्यात माती घेतली. हुबा ऱ्हाऊन कवा आवळलंच न्हवतं. लई बरं वाटलं बग. येका दमात सगळं आवळून टाकलं. बसवणी ध्यानातच ऱ्हायली न्हाय.’

पानमळेवाल्यांपैकी एक जण उगाच मोटारसायकलचा आरसा पुसायला लागला.

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, ‘मग हिकडं का आणली गाडी? त्याच्याकडंच न्यायची की.’

‘तू रुसलाईस आसं कळलं. बाजारात कांद्याची पिशवी इसरून गेलास म्हनं. आवाज यायला लागला, म्हनलं, बरं झालं. ह्या निमतानं तुज्याकडं यावं.’

त्यानंतर मी पुन्हा गाडीखाली गेलो, कारण दुसरीकडे कुठं तोंड लपवायला जागा नव्हती. जुने बुश काढले, नवे ठोकून बसवले. एरवी दोन तासांचं काम, मला दुपार झाली. गाडी जॅकवरून उतरवली. आता हौद्यात वजन हवं होतं. तिघं जण न सांगता उठले आणि चढून बसले. आणि वस्तादही खुर्चीतून उठले.

‘तुमी कशाला, वस्ताद?’

‘बसतो की. तेवडंच वजनाला कामाला यीन.’

ट्रॅक्टरवाल्यानं हात देऊन त्यांना वर घेतलं. मी खाली गोणपाटावर पाठ टेकली. गाडी जराशी दबलेली दिसली. ज्यांनी मला ह्याच जागी झोपून काम करायला शिकवलं, ते माझ्या वर पोत्यासारखे बसले होते आणि तिथं त्यांना मी बसवलं होतं. पाना दोनदा बोल्टवरून सटकला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, खाली कोण बघतंय.

उतरल्यावर वस्तादांनी गाडी मागे-पुढे करून पाहिली. आवाज गेला होता. खिडकीतून हात बाहेर काढून ते तिघांसमोर म्हणाले, ‘हात बसला तुजा.’ टोमणा नव्हता. त्यांना मनापासूनच म्हणायचं होतं. मी मान हलवली आणि त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. गाडी लासुर्ण्याकडे वळली, तरी मी तिथंच उभा होतो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुपार कलल्यावर मी बारामतीवाल्याला फोन लावला. किती वर्षांनी लावला असेल, मलाच आठवत नाही. नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सरळ विचारलं, ‘वस्तादांनी हवेत आवळलं, तुला ठाऊक हुतं?’

‘व्हय. डोळ्यादेखत आवळलं की.’

‘मग बोलला का न्हाईस?’

‘कामाला आल्याली दहा माणसं बघत हुती. गाडी खाली घेतली की गुपचूप सैल करून परत आवळणार हुतो. पर त्येनी लगीच काढली गाडी, दुधाची येळ झाली म्हनं. तवापासनं तीनदा फोन केला त्यास्नी, फुकट चेकिंग हाय, या म्हनून. आलेच न्हाईत.’

‘आरं, मग मला तरी सांगायचं. लासुर्णं मला जवळ. मी केलं आसतं गुपचूप.’

पलीकडे त्याच्या लिफ्टचा घरघर आवाज येत होता.

‘तुला सांगावं आसं आलं हुतं मनात,’ तो म्हणाला. ‘पर तू चारचौघांत बोलून दाखवलं आसतंस.’

मी फोन ठेवला. तो खोटं बोलला नव्हता. मी अजूनही त्याच्यावर जळतो, पूर्वीपेक्षा जास्तच, पण आता लिफ्टवरून नाही.