खबरदारीची कॉपी

तिला सगळं हॉस्पिटल भिंगरी म्हणायचं, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. बाई एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! काम स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे बसून करायचं. पण ही सारखी जिने चढून वॉर्डात हजर. "सिस्टर, फाईलचं नाव बदललं नाहीत ना? फोल्डर हलवला नाहीत ना?"

प्रत्येक वॉर्डाची एक एक्सेल फाईल होती, सगळ्यांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवलेली. कुठल्या खाटेला काय खायला द्यायचं, ते सिस्टर त्यात लिहायच्या. भिंगरीची मोठी फाईल लिंक जोडून त्या सगळ्यांतून माहिती उचलायची आणि तिच्यावरून ताटांच्या चिठ्ठ्या छापल्या जायच्या. कुणी हौसेनं नाव बदललं, की लिंक तुटली. बरं, तुटली तर बोंब तरी मारावी! तेही नाही. मेली कालचंच दाखवत बसते, जणू काही झालंच नाही. एकदा अशीच तुटली आणि गोड बंद असलेल्या एका आजोबांना दिवसभर साखरेचा चहा जात राहिला. आजोबा खूश, डॉक्टर लाल, आणि भिंगरीच्या जिवाला तेव्हापासून घोर.

"दोन्ही फाईली उघड्या असताना वॉर्डाची फाईल दुसऱ्या नावानं सेव्ह केलीत तर याद राखा," ती सगळ्यांना दरडावायची. "माझी फाईल जुनीला सोडते आणि मुकाट त्या नवीच्या मागे जाते!" लोक माना डोलवायचे. नवरा म्हणायचा, "हिला झोपेतून उठवून विचारा, माझा फोन नंबर सांगणार नाही, पण फाईलचा पत्ता घडाघडा सांगेल."

अशात तिची आईच वरच्या वॉर्डात भरती झाली. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. पण आई ऑपरेशनच्या नावानं थरथर कापायची. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे म्हणाली, "एकदाच येईन. झालं तर झालं. नाहीतर परत मला इथे आणायचं नाव काढायचं नाही." आणि म्हातारी शब्दाची पक्की.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भिंगरी कॉम्प्युटरपुढून उठेना. सकाळी आईच्या पोटात पाण्याचा घोटही जायला नको. सिस्टर जेवणं झाल्यावर फाईलमध्ये 'उपाशी' लिहिणार होत्या. लिहितील ना? मधेच कुणी फाईल उडवली तर? उघडून बघितली, बंद केली, परत उघडली. शेवटी, असू दे खबरदारी म्हणून, तिनं वॉर्डाच्या फाईलची एक कॉपी आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह केली, मोठी फाईलही सेव्ह केली आणि घरी गेली.

सकाळी तिनं रजाच घेतली होती. चिठ्ठ्या आचारी छापणार होता. ही ऑपरेशनच्या कागदांवरच्या सह्यांसाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती. खाली उतरली ती सवयीनं स्वयंपाकघरात डोकावलीच.

"आईची चिठ्ठी निघाली नाही ना?"

"निघाली की," आचारी म्हणाला. "अंडं, पाव, चहा. ट्रॉली गेलीसुद्धा वर."

ती शेजारच्या खोलीत धावली. मोठी फाईल उघडली, लिंकचा पत्ता वाचला. वॉर्डाची फाईल नव्हतीच ती! तिची स्वतःची कॉपी होती, कालची, 'उपाशी' लिहायच्या आधीची. दोन्ही फाईली उघड्या ठेवून, दुसऱ्या नावानं. जगाला शिकवलं आणि स्वतःच खड्डा खणला. कुणाला शिव्या घालायचीही सोय नाही.

ती जिना चढली की उडत गेली, तिचं तिलाच कळलं नाही. आई खाटेवर मजेत बसली होती. ताट चाटून पुसून स्वच्छ. उशाशी 'काही देऊ नये' अशी पाटी होती, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"आई! खाऊ नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"होतं की."

"मग?"

"ताट समोर आलं. म्हटलं, सुटले एकदाची," आई म्हणाली. "चल आता घरी."

सिस्टर धावत आल्या. "आज आता होणार नाही. डॉक्टर उद्या पहिलंच घेतील, पण यांची तयारी हवी." आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

भिंगरी खाटेच्या कडेवर बसली. तिनं रागवायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. "माझ्यामुळे झालं गं. तुला काही होईल या भीतीनं मीच घोळ घातला. मला सगळ्याची भीती वाटते, आई. फाईलची, फोनची, दाराच्या बेलचीसुद्धा. तू गेलीस तर मी काय करू?"

 आईनं हात मागे घेऊन चाचपडत पाटीवरचा टॉवेल ओढला आणि लेकीच्या मांडीवर टाकला.

"डोळे पूस. आणि उद्या ताट पाठवू नकोस," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "समोर आलं तर मी खाणार, सांगून ठेवते."