बाबांचा चेहरा खोडताना

मोजणी खात्यात सव्वीस वर्षं शेतांचे नकाशे काढले, त्यामुळे रेघ आपल्याला येते असा माझा समज होता. तरी पन्नाशीत अमरावतीच्या एका शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. अकोल्याला बाबा अंथरुणावर होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. ते आहेत तोवर मला त्यांचं चित्र काढायचं होतं.

वर्गातल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. समोर बसलेल्या माणसाचं मी काढलेलं चित्र पाहून म्हणाल्या, "काका, हा माणूस आहे, शेत नाही. चारही बाजूंनी बांध काहून घातला?"

नकाशात हद्दीची रेघ कुठं उघडी राहिली की साहेब कागद परत पाठवत. हात तीच नोकरी करत होता. बाईंनी माझा खोडरबर काढून घेतला, कोळशाची कांडी दिली आणि घड्याळात दोन मिनिटं लावली. "खांदा दिसला की पुढं चला. मागं येऊ नका." मी मागं येतच राहिलो.

अकोल्यात तर अडवायलाही कुणी नव्हतं. दर रविवारी आई बाबांना उशीला टेकवून बसवायची आणि मी तेच एक चित्र पुढं न्यायचो. गाल खोडायचा, पुन्हा काढायचा.

"कितीक घासून रायला बे," बाबा म्हणाले. "तोंड धुऊन रायला का माह्यं?"

"हलू नका, बाबा."

"हलाले रायलं काय आता."

चौथ्या रविवारी ध्यानात आलं की गाल खरंच दर आठवड्याला आत जात होता, आणि मी त्याच्या मागं मागं खोडत चाललो होतो. ओठांपाशी कागद फाटला. बाबांनी पाहिलं. "जाऊ दे. मले पडू दे जरा," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळले.

मी नवा कागद घेतला. पाठ, बनियनचा ओघळलेला खांदा, उशीत रुतलेलं डोकं. सात-आठ रेघा झाल्या नसतील, बाबांचा डोळा लागला. बरगड्या जरा नीट कराव्यात म्हणून हात परत वर गेलाच. मग कांडी ठेवली आणि त्यांचे पाय चेपत बसलो. चार रविवारांत मी त्यांना पहिल्यांदाच हात लावत होतो.

गुरुवारी ते गेले. भिंतीवर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला; त्यात ते कुणावर तरी चिडल्यासारखे दिसतात. काही दिवसांनी आईला तो कागद दाखवला.

"तोंड कुठी हाये याले?"

"नाही काढलं."

ती बराच वेळ पाहत राहिली. "असेच निजत ते," म्हणाली, आणि चित्रातल्या पाठीवरून हात फिरवला. फवारा मारून कोळसा कागदावर पक्का करायचा राहिला होता. रेघा पसरल्या, बोटं काळी झाली. तिनं बोटं पदराला पुसली आणि हात पुन्हा तिथंच ठेवला.