मशीन मी पाहिलं होतं

कणकवलीत हायवेच्या कडेला आमचं छपाईचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भागीदाराचं. आम्ही शाळेपासूनचे मित्र. तो गिऱ्हाईक सांभाळायचा, मी काम. जिल्ह्यातल्या छपाईवाल्यांत माझ्याबद्दल एक गोष्ट बोलली जायची, की हा माणूस मशीनला हात लावल्याशिवाय मत देत नाही. त्याचा मला गर्व होता. आज तो आठवला की तोंड कडू होतं.

यूव्ही फ्लॅटबेड मशीनची हवा आमच्याकडे आली तेव्हा सगळ्यांनाच ते हवं होतं. पलंगाएवढं सपाट टेबल. त्यावर काच ठेवा, लाकूड ठेवा, टाइल ठेवा. वरून शाई फवारणारं डोकं फिरतं आणि त्याच्याच बाजूचा दिवा ती शाई जागच्या जागी सुकवतो. होमस्टेवाल्यांना काचेवर मासे हवे होते, देवळांना टाइलवर देव.

"तू बघून ये," भागीदार म्हणाला. "तू हो म्हटल्याशिवाय घेवचा नाय."

मी कोल्हापूरला गेलो तो पिशवी भरून. चकचकीत टाइल, काचेचे तुकडे, ॲल्युमिनियमचा पत्रा, फणसाची फळी. विक्रेत्याचा इंजिनीअर हसला.

"साहेब, सॅम्पल आहेत की आमच्याकडे."

"तुमची राहू देत. आमचं गिऱ्हाईक हे घेऊन येतं."

त्याने छापून दिलं. रंग असे उठले की मी तुकडा उजेडात धरून पुन्हा पाहिला. लाल तो लाल, काळा तो काळा, वेगही चांगला. मग मी ब्लेड काढलं, प्रत्येक छपाईवर उभ्याआडव्या बारीक चिरा मारल्या, चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. फळी आणि पत्र्यावरची शाई हलली नाही. काच आणि टाइलवरची पट्टीबरोबर निघून आली.

"शाईच्या आधी प्रायमरचा हात मारा, मग ती धरते," इंजिनीअर म्हणाला. मी तसे तुकडेही छापून घेतले. भागीदाराचं घर मालवणात अगदी समुद्रासमोर. त्याच्या कुंपणाच्या तारेला मी सगळे तुकडे पावसाळाभर बांधून ठेवले. मधल्या काळात गोव्यात दुसऱ्या कंपनीचं मशीन पाहून आलो आणि त्याचेही तुकडे शेजारी बांधले. ते मशीन संथ होतं, रंग जरा मंद, पण टाइलवर आधी थर देण्याची सोय त्याच्यातच होती.

गणपती झाल्यावर तुकडे सोडले. कोल्हापूरच्या काच-टाइलवर, प्रायमर मारलेल्यांवरसुद्धा, शाईच्या कडा सुटल्या होत्या. शाईखाली नख जात होतं. गोव्याचे तुकडे तसेच्या तसे.

मी चार पानं लिहिली. पहिल्या दोन पानांत कोल्हापूरच्या मशीनचं कौतुक होतं, कारण ते खरं होतं: रंग, वेग, लाकूड, पत्रा. तिसऱ्या पानावर लिहिलं, की उघड्यावर लावायच्या काचेला आणि टाइलला आमच्या खाऱ्या हवेत हे मशीन चालणार नाही. चौथ्यावर, की घ्यायचं तर गोव्याचं घ्यावं. भागीदाराने ती पानं वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "बरा लिवलंस," एवढंच म्हणाला.

पंधरा दिवसांनी त्याने एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. देवगडपासून सावंतवाडीपर्यंतचे छपाईवाले आले होते. स्टेजवर कोल्हापूरच्या मशीनचा फलक होता आणि त्याखाली जिल्ह्याचा अधिकृत विक्रेता म्हणून माझ्या भागीदाराचं नाव. ते मला तिथे, इतरांबरोबर, दारातून आत शिरताना कळलं.

त्याने माझा अहवाल वाचून दाखवला. शब्द न् शब्द माझा. दोन पानं वाचली आणि कागद खाली ठेवला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तिसरं पान कधी येतं याची मी खरोखरच वाट बघत होतो. लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा ते येणार नाही हे कळलं.

देवगडच्या एका दुकानदाराने मागे वळून मला विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंत ना हे?"

स्टेजवरून भागीदार माझ्याकडे बघत होता. धमकीने नाही. शाळेत पेपरात उत्तर दाखव म्हणून बघायचा तसा.

"हो," मी म्हणालो. "मी बघितलंय."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्या एका वाक्यावर मशीनं विकली गेली.

बाहेर मी त्याला धरलं. तो चिडलासुद्धा नाही. "मी खोटा खंय बोललंय? तुया लिवलंस ताच वाचलंय. आणि तू गप रवलंस ना? मगे?" मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलो. आमच्या दुकानातही तेच मशीन बसलं. ते चालवत होतो मी.

मालवणच्या एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना बाई म्हणायचो. त्यांचे यजमान जन्मभर जहाजावर होते, निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षभरात गेले. त्यांचा फोटो टाइलवर छापून कबरीला लावायचा होता. ऑर्डर भागीदाराने घेतली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ही टाइल उघड्यावर राहणार आहे. तो म्हणाला, "प्रायमर मार चांगलो." मी दोन हात मारले. फोटो फार सुंदर आला. बाईंनी टाइल छातीशी धरली आणि माझे आभार मानले.

पुढच्या वर्षी, कबरींवर मेणबत्त्या लावायचा मृतांचा दिवस जवळ आला तेव्हा, बाई दुकानात आल्या. पंच्यात गुंडाळलेली टाइल त्यांनी काउंटरवर ठेवली. कपाळ आणि एक डोळा शिल्लक होता. बाकी शाई सोलून गेली होती, खाली पांढरी टाइल.

"समुद्राचो वारो, बाई," भागीदार म्हणाला. "तेका कोण काय करतलो? दुसरी करून देतंव."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, वर्गात विचारावं तसं विचारलं, "हे असं होणार, तुम्हाला माहीत होतं?"

"हो बाई."

"छापताना?"

"हो."

"मी रोज जायचे तिथे," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं जाताना बघितलं." मग पंचा पुन्हा नीट गुंडाळला, टाइल उचलली आणि गेल्या. दुसरी टाइल त्यांनी मागितली नाही.

त्याच आठवड्यात मी भागीदारी सोडली. भट्टीत भाजून फोटो पक्का करणारा एक कारागीर मडगावला आहे, त्याच्याकडून त्यांच्या यजमानांचा फोटो करून घेतला आणि बाईंच्या घरी नेला. त्यांनी दार उघडलं, मी काय आणलंय ते ऐकून घेतलं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्या जागी मी नुसतं नाव कोरून घेतलंय."

मी आता कुडाळला एकटाच काम करतो, पाट्या आणि स्टिकर. भागीदाराचं बरं चाललंय, त्याच्याकडे नवीन मॉडेल आलंय. ज्यांच्या काचा आणि टाइल सोलल्या ते त्याला बोल लावत नाहीत. तो विकणाराच होता, विकणार नाहीतर काय करणार, म्हणतात. बोल मला लावतात. देवगडचा तो दुकानदार मध्यंतरी बाजारात समोर आला, मी हात वर केला, तर तो मासेवाल्या बाईशी भाव करत राहिला. त्याला माझं तिसरं पान दाखवावं असं कितीदा मनात आलं. माझ्याकडे त्याची प्रत नाही. आणि असती तरी, पान होतं तर बोलला का नाहीस, एवढंच तो विचारेल.