सिद्रामकाकांचे कान

सिद्रामकाका कोणत्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे आणि मान कलती करून थांबायचे. आमच्या माडीवरच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. म्हणाले, "लई घुमती हाय. माईकचं मागनं बघू, आदी खोली गप कर."

मला गायचं होतं, पण कुणासमोर नाही. म्हणून घरातच छोटा स्टुडिओ करायचं ठरवलं होतं. काका आमच्याच गल्लीतले. पार टेंभुर्णी-मोडनिंबपर्यंत लग्नांना, सभांना स्पीकर लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दोन महिने दर रविवारी ते आले. जुन्या गाद्या भिंतींना ठोकल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मग मला हेडफोन लावायला सांगून विचारायचे, "आता काय ऐकू येतंय? सांग की." मी नुसती मान हलवायचे. "कॉन्व्हेंटवाले, जीभ शाळेतच ठिवून आलीस व्हय?"

त्या रविवारांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मोबाईलची बारीक रिंग, गजराची पिपपिप, असे बारीक आवाज काकांना ऐकू येत नव्हते; बोलणं-गाणं मात्र नीट ऐकू यायचं. मी ते कुणाजवळ बोलले नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी ते काकूंना घेऊन आले. काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडमिट व्हायचं होतं. आवाज राहीलच असं डॉक्टर सांगत नव्हते. काकू अक्कलकोटकडच्या, हळदीला, बारशाला कानडी गाणी म्हणायच्या. "हिचा आवाज घिऊन ठिव," काका म्हणाले.

पंखा बंद, दार बंद. घामानं काकूंचा पदर भिजला, तरी त्या गात राहिल्या. पहिल्याच ओळीला मला हेडफोनमध्ये बारीक शिट्टी ऐकू आली, बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरची. गाणं संपल्यावर काकांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "क्लीन आलंय न्हवं?"

तुम्हाला ऐकू येत नाही, हे काकूंसमोर कसं सांगायचं? शिट्टी नंतर कॉम्प्युटरवर काढू, असा विचार करून मी मान हलवली. चार गाणी झाली.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला.

तीन आठवडे मी रोज त्या चार गाण्यांपाशी बसले. शिट्टी एका पट्टीत नव्हती, चढत-उतरत होती. ती कापली की काकूंचा आवाज तोंडावर फडकं धरल्यासारखा व्हायचा. शेवटी थकून मी काकांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं.

काकांनी मान कलती करून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तवाच ऐकू आलतं?"

"हो."

"मंग बोलायचं की, पोरी. चार्जर काडला असता. दोन मिन्टाचं काम."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"माजं कान गेलं, ते मला ठाऊक न्हाय व्हय? चार वर्सं झाली. म्हणून तर इचारत हुतो तुला, दर खेपेला. तुज्या कानावर इसंबून हुतो मी."

काकूंनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मला कप उचलवेना. काकांनी मोबाईलवर मी पाठवलेलं काकूंचं गाणं लावलं आणि कानाशी धरलं.

"मला न्हाय ऐकू येत ती शिट्टी, बरंच हाय," ते म्हणाले. "तू आता नगं ऐकत बसू."